दोन डोंगर मोडून

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात पाच रंग असतात आणि प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे पत्ते खेळायला लागणारं चलन, वेगळी. दर पाळीला एकच जमीन मांडायची. लाल रंगाला डोंगर लागतात, निळ्याला बेटं. त्यामुळे साताऱ्याच्या माणसाने लाल खेळावं आणि सांगलीच्या माणसाने निळं, हे विधिलिखितच आहे. आमच्याकडे इकडे अजिंक्यतारा, तिकडे यवतेश्वर. सांगलीचा सगळा कारभार पाण्याचा. ती कृष्णाही आमच्याच जिल्ह्यातून, महाबळेश्वराहून निघते. पण पूर आला की फोटो सांगलीचे छापून येतात.

माझा भाचा सांगलीत विश्रामबागेत राहतो, इंजिनिअरिंगला आहे आणि निळा डेक, म्हणजे साठ पत्त्यांचा निळा संच, खेळतो. निळं खेळणारी माणसं लांबून ओळखू येतात. स्वतःच्या पाळीला काही करायचं नाही, आणि दुसरा काही करायला गेला की चष्मा वर सारून म्हणायचं, "नाही चालणार, मामा." या वाक्याचा चक्क एक पत्ता आहे, काउंटरस्पेल. भाच्याकडे चार आहेत. चारच, कारण डोंगर-बेटांसारख्या साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाचे चारापेक्षा जास्त पत्ते घालता येत नाहीत. नाहीतर या पोराने साठच्या साठ तेच घातले असते. शिवाय 'जेस' नावाचा निळ्या झग्यातला एक जादूगार त्याच्याकडे आहे. त्याची किंमत त्याने मला सांगितली आणि "आईला सांगू नका" म्हणून गळ्याची शपथ घातली.

या नादात पैशाला अंत नाही. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 1993 साली हा खेळ काढला. त्या पहिल्या छपाईतला 'ब्लॅक लोटस' हा एक पत्ता 2021 मध्ये 5 लाख 11 हजार डॉलरला गेला, म्हणजे साडेतीन कोटींच्या वर. एवढ्यात साताऱ्यात बंगला बांधून वर भाडेकरू ठेवता येतो, आणि भाडेकरूशी भांडताही येतं. पत्त्याशी काय भांडणार? माझं बजेट 1200 रुपये होतं, तेही घरात वाचनालयाची वर्गणी म्हणून सांगितलेलं.

पण गरिबाला वाली याही खेळात भेटतो. 1996 मध्ये अमेरिकेत अटलांटाला पॉल स्लाय नावाचा गडी एका पात्रता स्पर्धेत लाल डेक घेऊन उतरला. डेक बांधला होता जे श्नायडरने. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क असले पत्ते, म्हणजे लोक ज्याला कचरा समजून खोक्यात टाकतात ते. पण हिशेब वाण्याचा! पहिल्या पाळीला एका डोंगराचं काम, दुसरीला दोन डोंगरांचं. एकही जमीन पडीक राहायची नाही. गडी दुसरा आला. स्वस्त लाल डेकच्या घराण्याला अजून त्याचंच नाव आहे.

मीही हाच हिशेब धरला. सुरुवातीला प्रत्येकाला 20 जीव. 'लायटनिंग बोल्ट' हा पत्ता एका डोंगरात तीन जीव घेतो. सात बोल्ट म्हणजे 21, एक वरताळा. बोल्ट चारच मिळतात, म्हणून त्याचे चुलतभाऊ गोळा केले : लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट. तेही तीन-तीनचेच. काउंटरस्पेलला दोन बेटं लागतात, म्हणजे माझा एक रुपया अडवायला सांगलीचे दोन रुपये खर्ची पडतात. आणि भारी पत्ते यायचे तेव्हा येतात. तोवर माणूसच उरला नाही, तर ते हातात धरून मरायला एवढा खर्च कशाला?

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगापिंडाने लहान, पण असे चपळ की समोरचा सावरेपर्यंत कुस्ती संपलेली. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक घेतलं. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. माझ्या बाराशेसाठी कुणी काही गहाण टाकलं नाही. ते मलाच करावं लागलं, पण भर डावात.

डाव सांगलीत, ताईच्या हॉलमध्ये. भडंगाचे तेलकट हात पत्त्यांना लागू नयेत म्हणून भाच्याने मला चमचा दिला. त्याच्या पत्त्यांना जाड प्लॅस्टिकची कव्हरं, माझे नागडे. पहिल्याच पाळीपासून मी धडाधड सुरू झालो. एक बोल्ट त्याने अडवला, बाकीचे लागले. चौथ्या पाळीला तो दोन जिवांवर होता, पण चेहरा शांत. चारही बेटं आडवी केली, जेस अलगद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आता बघा."

चारही बेटं आडवी, म्हणजे खर्च झालेली. म्हणजे "नाही चालणार" म्हणायला खिशात दमडी नाही.

'फायरब्लास्ट' नावाचा माझा एक पत्ता आहे. रीतसर खेळायचा तर सहा जमिनी लागतात. नसतील तर स्वतःचे दोन डोंगर कायमचे मोडायचे आणि समोरच्याच्याच पाळीत चार जीव घ्यायचे. मी डोंगर उचलून बाजूला ठेवले.

"हे काय ओ मामा! जेसने अजून काहीच केलं नाही!"

"किती झालं?" आतून ताईने विचारलं.

"मामाने दोन डोंगर विकले आणि जिंकले!"

"जिंकला का?" ती म्हणाली. "मग आपल्या घरात जमीन विकून पत्ते खेळणारा तो पहिला नाही, पण जिंकणारा पहिला."