डिक्कीचं लॉक: शास्त्रोक्त दुरुस्तीविधी

पात्रता: ज्यांच्या गाडीने पंधरा वर्षं पूर्ण करून आरटीओकडून आणखी पाच वर्षांची मुदत मिळवली आहे, जिचा नंबर एमएच २७ किंवा एमएच ३० ने सुरू होतो आणि जिचं मागचं दार घरातल्या एकाच माणसाला उघडता येतं, अशा मालकांनीच पुढे वाचावं. बाकीच्यांनी शोरूमला जावं. तिथे एसी असतो.

हा जो एकच माणूस, तो बहुधा घरातला मधला काका असतो. त्याला गाडीची नस सापडलेली असते. डाव्या हाताने दार खालून उचलायचं, गुडघ्याने आत दाबायचं, अंगठ्याने बटण दाबायचं आणि त्याच क्षणी दाराकडे न बघता दुसरीकडे बघायचं. शेवटची पायरी फार महत्त्वाची आहे असं काकाचं म्हणणं. हे ज्ञान तो कुणाला देत नाही. काका अकोल्याला लग्नाला गेला की अमरावतीतली डिक्की तो येईपर्यंत बंद. मग तुरीचं पोतं मधल्या सीटवरून पलीकडे ढकलायचं आणि काढायची वेळ आली की घरातल्या सगळ्यात बारक्या पोराला आत सोडायचं.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मार्गदर्शनाला वजन येत नाही. १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपला पत्र्याची दारंच नव्हती, त्यामुळे दाराचं लॉक बिघडल्याची एकही तक्रार त्या काळात आढळत नाही. मागच्या फळीला साखळी आणि आकडा असायचा. पुढे पत्र्याचं टप आलं, काचा आल्या, १९९४ ला सुमो आली, २००० ला बोलेरो आली, आणि दार म्हणजे बटण, चावी, दांड्या, स्प्रिंगा असा संसार झाला. आपल्याकडे दाराला जी सुतळी बांधतात तिला हसू नये. ती मूळ डिझाइनकडे परत जाण्याची चळवळ आहे.

आता साहित्य. दहाचा आणि बाराचा पाना, चपटा व स्टार असे दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वापरून टाकलेला टूथब्रश, जुनं बनियन, प्लास्टिकच्या बाटलीचं कापलेलं बूड आणि त्यात चार बोटं डिझेल. याशिवाय दोन बघे. बघे जमवावे लागत नाहीत, बॉनेट उघडलं की जमतात. डिक्कीसाठी मात्र थोडा जोरात आवाज करावा लागतो.

पहिला नियम असा की लॉकला लगेच हात लावायचा नाही. अमरावतीत वलगाव रोडला मिस्त्रीकडे गाडी नेलीत तरी संवाद असाच होतो:

"लॉक खराब झालं जी, मिस्त्री."

"लॉक काऊन खराब होईन? थे स्टेपनी पाहा ना भाऊ, कशी लोंबून रायली."

सगळी मेख इथे आहे. आडव्या उघडणाऱ्या दाराच्या पाठीवर वीस-पंचवीस किलोचं चाक टांगलेलं असतं. काळ्या मातीवरचा रस्ता दर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. त्यावरून जाताना ते चाक दाराला खाली ओढत राहतं. बिजागरीच्या पिना झिजतात, दार सूतभर खाली येतं, आणि लॉकच्या तोंडातली नखी चौकटीवरच्या लोखंडी खुंटीला नीट धरेनाशी होते. झिजली बिजागरी, बदनाम झालं लॉक. कुटुंबातही असं होतं, पण तो विषय वेगळा आहे.

खात्री करायची तर दार अर्धवट उघडून कडेला धरा आणि वर उचला. वरखाली हललं तर दोष बिजागरीचा. खुंटीवर एकाच बाजूला पत्रा घासून चकाकत असेल तर पुरावा पक्का. मग दार उघडं ठेवून नखी स्क्रू ड्रायव्हरने आत ढकला. खट्‌, खट्‌ असे दोन आवाज यायला हवेत, कारण लॉकचे टप्पे दोन असतात. पहिल्यावर दार अडकतं, दुसऱ्यावर बसतं. आता बटण दाबा. नखी टुणकन सुटली तर लॉक निर्दोष आहे. त्याची माफी मागा. सुटली नाही तर नखी अडकलेली असताना दार आपटून बघण्याचा मोह आवरा. तो मोह बघ्यांपैकी एकाला नक्की होतो, त्याला चहा सांगायला पाठवा.

बिजागरीचा दोष असेल तर स्टेपनी उतरवा, पिना आणि बुश बदलून घ्या आणि शेवटी खुंटी जुळवा. तिच्या जुन्या जागेभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, बोल्ट अर्धवट ढिले करा, हलक्या हाताने ठोकून सरकवा, दार हळू लावून पाहा, मग आवळा. रेघ न मारता खुंटी सरकवणाऱ्याचं पुढे काय होतं ते शत्रूलाही सांगू नये.

लॉकच अडलं असेल तर आतलं पॅनेल काढावं लागतं. स्क्रू निघतात, प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात. त्या तुटण्यासाठीच असतात. आत तुम्हाला मेळघाटची धूळ, जुन्या ग्रीसमध्ये कालवून घट्ट झालेली, सरकीचे दोन दाणे आणि एखादं हरवलेलं एक रुपयाचं नाणं सापडेल. नाणं बघ्यांसमोर उचलू नये. बटणापासून लॉककडे जाणारी दांडी बघा. तिला धरणारी चिमूटभर प्लास्टिकची क्लिप तुटली असेल, तर बटण दाबलं जातं पण निरोप पोहोचत नाही. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. बाकीच्यांत लॉक काढून डिझेलमध्ये बुडवा, टूथब्रशने घासा, बनियनने पुसा, नवं ग्रीस बोटभर लावा, ओंजळभर नको. चावीच्या भोकात मात्र तेल अजिबात नको. तेलाला धूळ चिकटते आणि आपल्याकडे धुळीची टंचाई नाही. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी करून फुंकावी. सेंट्रल लॉकिंग असेल आणि ते फक्त मागेच रुसलं असेल, तर दार आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर वाकून वाकून तुटलेली असते. तिथे इलेक्ट्रिशियन, आपण नाही.

चाचणीचा रस्ता नीट निवडा. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला. तेवढ्या वेळात आपली ऑर्डर दिलेली क्लिप नागपूरहून येईलच असं नाही, पण मुद्दा तो नाही. अशा रस्त्यावर कुठलंही दार शहाण्यासारखं वागतं. म्हणून तो टाळा. मागे ढेपेची दोन पोती टाका, परतवाडा सोडा, घाट चढा, सेमाडोह, हरिसाल करत धारणी गाठा. तिथे उतरून खुंटीचे बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत ते ढिले होतातच.

दार आता कुणालाही उघडतं. काका दोन दिवस जेवताना बोलणार नाही, त्याला बोलतं करायचा प्रयत्न करू नये. चावीचा सिलिंडर बदलला असेल तर गाडीला यापुढे दोन चाव्या, एक इंजिनाची, एक डिक्कीची. ही दुसरी चावी घरात कुणाजवळ राहील, हा प्रश्न प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.