चाळीस दिवसांची मुदत

फाइली दाबून लहान करणाऱ्या विनरारची चाचणी-मुदत ४० दिवसांची. ती संपली की खिडकी उघडून ‘विकत घ्या’ म्हणते, आणि आपण ती बंद केली की विनरार निमूट कामाला लागते. इतका भिडस्त सावकार जगात दुसरा नसेल! सेव्हन-झिप १९९९ पासून राजरोस फुकट आहे, बहुतेकदा जास्त दाबतेही. पण फुकटापेक्षा बुडवलेल्याची गोडी न्यारी. १९८९ ची झिप दाबण्यात कच्ची, तरी कुठेही उघडते. लग्नाचे जेपीईजी फोटो मात्र आधीच दाबलेले असतात; यांपैकी कशातही कोंबा, आकार नावापुरताच घटतो. तरी काका सेव्हन-झिपची ‘अल्ट्रा’ पातळीच लावतात. तासभर पंखा घरघरतो, फाइल जाते, आणि भाच्याचा निरोप येतो: “मोबाइलवर उघडत नाही, झिप पाठवा.”