ऊसकऱ्याने खासदार कसे व्हावे : नवशिक्यांसाठी

आधी स्वतःचा ऊस असावा. आडसाली असला तर उत्तम. सोळा-सतरा महिने पाणी पाजायचे आणि मग तोडीसाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरायचे, यात राजकारणाला लागणारी चिकाटी फुकटात अंगी येते. तोड येईना, तुरा फुटला, वजन घटले, काट्यावर आणखी घटले, की भाषण तयार. लिहून काढायची गरज नाही.

शेत नसेल तर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा मार्ग आहे : परदेशातली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घ्यायची. पण तो मार्ग सगळ्यांना झेपत नाही.

मग १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश पाठ करा. चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर; चुकली तर १५ टक्के व्याज. त्यातून तोडणी-वाहतूक कशी वजा होते, हे फळ्यावर मांडून दाखवता आले पाहिजे. समोरचा कारखान्याचा चेअरमन बहुधा आमदारही असतो. त्याला आकडे चालतात, आकडेमोड चालत नाही. पहिली उचल जाहीर होईपर्यंत ट्रॅक्टर अडवा. गुन्हे दाखल होतील. होऊ द्या, उमेदवारी अर्जात त्यांना रकाना असतो.

पैशांची काळजी नको. शिरोळचे शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत मतदाराकडूनच वर्गणी घेतली. २००२ ला जिल्हा परिषद, २००४ ला अपक्ष आमदार, २००९ ला हातकणंगल्याचे खासदार. इतक्या स्वस्तात दिल्ली गाठण्याचा दुसरा नमुना माझ्या तरी पाहण्यात नाही.

अवघड भाग पुढचा. २००९ ची लागण, २०१४ चा खोडवा, दोन्ही पिके निघाली. निडवा, म्हणजे तिसरे पीक, जपून धरावा. २०१४ ला महायुतीबरोबर, २०१७ ला बाहेर आणि २०१९ ला ज्यांच्या कारखान्यांवर मोर्चे नेले त्या काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर जाऊन शेट्टी पडले. २०२४ ला एकट्याने लढले, तिसरे आले. दर मिळवून दिला म्हणून मत मिळेलच असे नाही. दर पदरात पडला की शेतकरी जात, गट आणि पुढच्या वर्षीची तोड बघतो, आणि तोड चेअरमनच्या हातात असते.

तेव्हा शेट्टींच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जरूर जा, लाल बिल्ला लावा, घसा बसेपर्यंत घोषणा द्या. फक्त मैदानातली डोकी मोजून उमेदवारी अर्ज भरू नका.