सुपाचा भाव कोण ठरवणार?

बल्लारपूरच्या बाजारात सुपाचा भाव ऐकला की गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं : ‘बांबूच तर आहे, एवढे कशाचे?’

असं म्हणणाऱ्यानं एकदा बुरडाच्या अंगणात जाऊन बसावं. बांबू ओला आणि सरळ पेराचा लागतो. तो उभा फोडायचा, गाठी तासायच्या, एकसारख्या पातळ कमच्या काढायच्या. बाई टोपलीचा तळ पायाखाली दाबून धरते आणि दोन्ही हातांनी वीण घालत जाते. कमचीची धार पात्यासारखी. बोटाला चिंधी गुंडाळून काम चालू राहतं. सुपाचा काठ आवळून बांधावा लागतो, नाहीतर धान पाखडताना सूप उसवतं. ही मजुरी तुमच्या ‘एवढे कशाचे’मध्ये कुठे बसते?

बल्लारपूरची कागद कंपनी 1945 सालची. तिला जंगलातला बांबू करारावर मिळत राहिला. बुरडाला वनविभागाच्या डेपोची वाट पाहावी लागली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरला. तरीही धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळायला 27 एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. आपला बांबू आपण विकायचा, हा हक्क गावानं झगडून घेतला. विणणाऱ्या बाईच्या हाती मात्र आपल्या मालाचा भाव अजून आलेला नाही.

चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रशिक्षण हवंच. पण शिकून झाल्यावर माल कोण घेतो, काय भावानं घेतो आणि पैसे कधी देतो, यावर तिची चूल पेटते. ताडोबाच्या पर्यटकाला ‘महिलांनी बनवलेला’ म्हणून बांबूचा दिवा विकणाऱ्यानं त्यातले किती रुपये तिला दिले, ते चिठ्ठीवर छापावं. माल उधारीवर उचलू नये. निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. व्यवहार सचोटीचा असेल तर यात अडचण कसली?

8 मार्चला शाल-श्रीफळ आणि 9 मार्चला दहा रुपयांसाठी घासाघीस, हा सन्मान नव्हे. तिच्यावर उपकार करू नका. सूप घ्याल तेव्हा ती सांगेल तो भाव द्या, रोख द्या.