अर्ज मंजूर, अर्जदार ठार

पडद्यावर खलनायक मेला की पिटातून शिट्टी यायची, असा लालबागच्या ‘भारतमाता’पासून दादरच्या ‘प्लाझा’पर्यंतचा जुना रिवाज. २९ नोव्हेंबर २०१८ला आलेल्या ‘२.०’ या चित्रपटाने त्यात अडचण करून ठेवली. खलनायकाचा निकाल लावल्यावर यातला नायक, म्हणजे शास्त्रज्ञ वसीगरन, जाहीर करतो की त्याचं म्हणणं बरोबर होतं, पद्धत तेवढी चुकली. मंत्रालयाच्या भाषेत अर्ज मंजूर, अर्जदार निकाली. आता शिट्टी मारायची कोणासाठी?

हा अर्जदार म्हणजे अक्षय कुमारने रंगवलेला पक्षीराजन. मोबाइलच्या लहरींनी पक्षी मरतात म्हणून हा म्हातारा अर्ज करतो, कोर्टात जातो, आंदोलन करतो, शेवटी टॉवरला गळफास घेतो आणि मेल्यावर सूड घ्यायला परततो. त्याची पांढरी दाढी आणि पक्ष्यांचं वेड डॉ. सालीम अलींवर बेतल्याची चर्चा तेव्हाच झाली होती. म्हणजे खलनायकाचं आजोळ थेट गिरगावात निघालं. १८९६ साली जन्मलेले सालीम अली पोरके झाल्यावर खेतवाडीत मामांकडे वाढले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पोचले आणि तिथून पुढचा जन्म पक्ष्यांमागे गेला. अभ्यासासाठी पक्षी मारावे लागत, ते त्यांनी कधी लपवलं नाही. मोटरसायकलचा नाद दांडगा. सोसायटीचे पैसे संपत आले तेव्हा थेट नेहरूंना पत्र. इतका खमका माणूस हाताशी असताना दिग्दर्शक शंकर यांनी घेतली फक्त दाढी.

बरं, सुरुवात झकास आहे. माणसाच्या हातातला फोन सुटतो आणि खिडकीतून आभाळात जातो. मग हजारो फोन रस्त्यावरून सरपटत येतात, चकाकतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचा अजस्र पक्षी होतो. तोवर खलनायकाचं तोंड दिसलेलं नाही आणि प्रेक्षक मुकाट्याने आपला खिसा चाचपतोय. मग पूर्वकथा सुरू होते. राजनचं बालपण, राजनच्या चिमण्या, राजनचे अश्रू. ती संपेपर्यंत प्रेक्षक खलनायकाच्या बाजूला जाऊन बसलेला असतो आणि नायकाला एकट्यालाच लढावं लागतं.

पहिल्या भागात, २०१०च्या ‘एंधिरन’मध्ये, हे दुखणं नव्हतं. तिथे वसीगरननेच घडवलेला यंत्रमानव चिट्टी बिघडतो, आणि इतर यंत्रमानवांच्या रांगेत लपलेल्या वसीगरनला हुडकताना मेंढीसारखं ‘मेंऽऽ’ करतो, आणि त्या एका आवाजाने अंगावर काटा येतो. त्याला काय हवं होतं? वसीगरनची प्रेयसी सना हवी होती. मागणी स्वच्छ, शास्त्रज्ञाने नाकारलेली. पुढच्या भागात चिट्टी सुधारून नायकाच्या पार्टीत आला, खलनायकाची जागा रिकामी झाली आणि तिथे अनुकंपा तत्त्वावर पक्षीराजनची भरती झाली.

तो सूड घेतो कोणावर? मोबाइलचा घाऊक विक्रेता, टॉवरवाला, मंत्री. गच्चीवर टॉवर बसवून भाडं घेणारी हाउसिंग सोसायटी त्याच्या यादीतच नाही! गिरगावात राहिला असता तर सेक्रेटरीचं नाव पहिलं आलं असतं. आणि चिमण्या कुठे गेल्या तेही कळलं असतं. चाळीत भिंतीवर तिरक्या टांगलेल्या आजोबांच्या फोटोमागे त्यांचं घरटं असायचं, काड्या खाली पडायच्या, आजी पुटपुटत केर काढायची. कौलं गेली, फोटो गेले, परळ-लालबागला गुळगुळीत काचेच्या इमारती आल्या. चोच खुपसायला फट नाही, पिलांना भरवायला किडे नाहीत. मोबाइलच्या लहरींवर सगळं ढकलायला मात्र पक्का पुरावा नाही. प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर बोर्डाकडे हीच तक्रार केली होती. खलनायकाचं विज्ञान इतकं कच्चं, की कंपन्यांना विज्ञानाची बाजू घेण्याची संधी मिळाली.

मोगॅम्बोच्या बाबतीत हे होणं शक्य नव्हतं. १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’त अमरीश पुरींना देश जिंकायचा होता. त्यांना ना पूर्वकथा होती, ना कोणी त्यांचं बालपण विचारलं.

कळस पुढेच आहे. पक्षीराजन वसीगरनच्या शरीरात शिरतो. त्याला बाहेर काढायला चिट्टीची चिमुकली यंत्रं कबुतरांवर स्वार होऊन येतात आणि शरीर सोडलं नाहीस तर कबुतरं मारू, असं धमकावतात. मुकी पाखरं ओलीस धरणारा इथे नायक, आणि त्यांच्यासाठी हार पत्करणारा खलनायक. एवढा गोंधळ दादरला कबुतरखान्यापाशीही झाला नाही, आणि तिथे काही कमी झाला होता अशातला भाग नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये महापालिकेने तो कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, जमावाने ६ तारखेला ती फाडली, पोलीस आले, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एकीकडे दाणे टाकणारी श्रद्धा, दुसरीकडे विष्ठेने होणारे फुप्फुसाचे आजार. पक्षीराजन तिथे आला असता तर कोणत्या बाजूला उभं राहायचं हेच त्याला कळलं नसतं. पण दोन्ही बाजूंचे लोक हात उंचावून मोबाइलवर चित्रण करत असताना त्याने ते सगळे फोन आभाळात उडवले असते, तर दोघांनी मिळून त्याच्यावरच मोर्चा काढला असता. निदान एका दुपारपुरता तो खलनायक म्हणून कायम झाला असता.