चौथ्या दिवसाचे जर्मन

हा पाहुणा तुमच्याकडेही येऊन गेला आहे. तुम्ही सिंगापूरला असा, दुबईला असा नाहीतर न्यू जर्सीत, येतो तोच. सोबत बायको, दोन मुलं आणि घरच्या वजनकाट्यावर दहादा चढवून उतरवलेल्या बॅगा. पहिल्या दिवशी तो विचारतो, "इथे नळाचं पाणी पितात?" दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगाल ते ऐकतो. तिसऱ्या दिवशी तुमचं वाक्य अर्धं झालं की "माहितीये" म्हणतो. आणि चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही कचरा घेऊन खाली निघालात की सोफ्यावरून आवाज येतो, "वहिनी, दह्याचा डबा पिवळ्यात हं. आणि झाकण वेगळं करून टाका, नाहीतर त्यांच्या मशीनला कळत नाही."

झाकणाचं खरं होतं, हा त्यातला जास्त त्रासदायक भाग.

आमच्याकडे श्टुटगार्टला हे काम प्रशांतभावजींनी केलं. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ, मुक्काम औंध, पुणे. सोबत मेधा, आठ वर्षांची सई आणि चार वर्षांचा रुद्र. शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली आणि आमच्या घराची सुट्टी संपली. व्हिसासाठी नवऱ्याने परदेशी नागरिकांच्या कचेरीत 29 युरो भरून हमीपत्र लिहून दिलं होतं. या माणसांचं राहणं, खाणं, आजारपण आणि वेळ आलीच तर त्यांना देशाबाहेर काढण्याचा खर्च, सगळं आम्ही सोसू, असं त्या कागदात असतं. सही करताना नवरा हसत होता. मला मात्र ते शेवटचं कलम पुढे रोज पहाटे चार वाजता आठवायचं.

कारण उन्हाळ्यात इथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा पुण्यात साडेसात झालेले असतात, आणि साडेसातला रुद्रचा डंपर कामावर रुजू होतो. आमची जमीन लाकडी. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीबाई इतक्या वर्षांत "गुटन टाग"च्या पलीकडे आमच्याशी कधी गेल्या नव्हत्या. बरं, लवकर उठतो तर लवकर झोपावं, तेही नाही. तिन्हीसांजेला झोपायचं नसतं अशी त्याला पुण्याच्या आजीची सक्त ताकीद, आणि मे महिन्यात श्टुटगार्टची तिन्हीसांज रात्री साडेनऊपर्यंत चालते.

मी हळूच विषय काढला. भावजींनी फोनवर शोधून ठेवलंच होतं. "2011 साली इथे कायदाच झालाय, वहिनी. मुलांच्या खेळण्याचा आवाज हे प्रदूषण नव्हे."

"तो पाळणाघरांना आणि खेळाच्या मैदानांना आहे, भावजी. पहाटे चारच्या तिसऱ्या मजल्याला नाही."

"भावना तीच," भावजी म्हणाले.

भावजींना बाटल्यांचा नाद लागला तो रुद्रमुळे. नळाचं पाणी चांगलं असतं हे मी सांगूनही ते पहिल्याच दिवशी पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन आले. इथल्या दुकानात नीट न बघता उचललं की हमखास सोड्यासारखं फसफसणारं पाणी हाती येतं. रुद्रने एक घोट घेतला आणि भोकाड पसरलं, "काकू, पाणी चावतंय!" ते चावरं पाणी मोठ्यांनी संपवलं, आणि रिकाम्या बाटल्या परत करायला मी भावजींना सुपरमार्केटमधल्या मशीनपाशी नेलं. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर अनामत रक्कम घेतात, तिला फांट म्हणतात. भिंतीत एक गोल भोक असतं. बाटली आत ठेवली की ती गरागरा फिरते, मशीन लेबल वाचतं, कर्रकन बाटली चिरडतं आणि पडद्यावर 25 सेंट दाखवतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची.

युरो शंभर रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे हिशेबाला वेळ लागला नाही. "पंचवीस रुपये!" भावजी म्हणाले. "एका बाटलीचे!" ते आपणच पाणी घेताना भरलेले असतात, हे मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. मशीनच्या भोकात हात घालून अजून काही घेतं का ते बघत होते.

तिथून पुढचा प्रवास बाटल्यांनी केला, आम्ही बरोबर होतो. मर्सिडीजच्या संग्रहालयात लिफ्टने आधी सगळ्यात वर नेतात आणि मग गोल गोल उतरत 1886 पासून आजच्या गाडीपर्यंत आणतात. वर स्वागताला घोडा उभा आहे. रुद्र घोड्यापाशी अडला, तो हलेना. मेधा रुद्रपाशी अडली. सई आणि मी एकोणिसाव्या शतकात भावजींची वाट बघत होतो, आणि भावजी तळमजल्यावर एका चिनी पर्यटकाला हातवाऱ्यांनी समजावत होते की ती बाटली फेकू नका, मला द्या. टीव्ही टॉवरवर नेलं. 1956 सालचा, 217 मीटर उंच, काँक्रीटचा असा मनोरा जगात पहिला इथेच उभा राहिला. वरून द्राक्षमळे दिसतात, जंगल दिसतं. भावजींना एक सुपरमार्केट दिसलं.

मशीनला चेपलेली बाटली चालत नाही. लेबल वाचता आलं नाही की ते बाटली परत ढकलतं. आणि रिकाम्या बाटलीवर दोन्ही पायांनी उडी मारणं हा रुद्रचा आवडता खेळ. त्यामुळे सुपरमार्केटच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या जर्मन माणसांसमोर, पुण्यातल्या एका कंपनीचे उपव्यवस्थापक गाल फुगवून बाटलीत हवा भरत आहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं. बाटली "पॉक" करून सरळ झाली की सई टाळ्या वाजवायची. बियरच्या काचेच्या बाटलीला जेमतेम 8 सेंट मिळतात हे कळल्यावर भावजींनी काचेतली बियर सोडली आणि डब्यातली धरली, डब्याला 25 मिळतात. वाइनच्या बाटलीला बहुधा काहीच मिळत नाही, म्हणून नवऱ्याने कौतुकाने आणलेली वाइन त्यांनी चाखूनही पाहिली नाही. रविवारी दुकानं बंद असतात, मशीन दुकानाच्या आत. रविवारी भावजी घरात येरझारा घालायचे.

या सगळ्यात सईने पंचवीसचा पाढा पाठ केला. पुण्यातल्या तिच्या इंग्रजी शाळेत पावणेदोनशे म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाल्कनीत बाटल्यांच्या रांगेवर बोट फिरवत ती "पंचवीस सक दीडशे, पंचवीस सत्ते पावणेदोनशे" म्हणायची, आणि भावजी आतून चूक पकडायचे.

एका बाबतीत श्टुटगार्ट त्यांच्या मनातून उतरलं. 1968 पासून या शहराचं मुंबईशी भगिनी शहराचं नातं आहे, हे मी मोठ्या हौसेने सांगितलं. "मुंबईशी?" भावजी थांबले. पुण्याचं ब्रेमेनशी जमतं. औंधचा ब्रेमेन चौक त्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. त्यानंतर इथे काहीही खटकलं, बस चुकली, पाव कडक निघाला, की ते म्हणत, "ब्रेमेनला असं नसणार." ब्रेमेन इथून सहाशे किलोमीटरांवर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का, असं त्यांनी विचारलं. येता आलं असतं, पण मी नाही म्हटलं.

मग आमची केरवोखं आली. हा खास इकडचा, श्वाबियातला प्रकार. इमारतीतल्या एकेका घराने आठवडाभर जिना आणि अंगण झाडायचं, पुसायचं. पाळी आली की दारावर पाटी लटकते. शहराने सक्तीचा नियम 1988 साली काढून टाकला, पण घरमालकांनी आणि शेजाऱ्यांनी तो काढलेला नाही. भावजी त्याला केरवार म्हणू लागले आणि पाटी जणू आपल्याच नावाने आली असावी अशा थाटात सकाळी आठला बादली घेऊन बाहेर पडले. जिन्याचा कठडा पुसला. तळघराची दारं पुसली. शेजाऱ्यांच्या पायपुसण्या झटकल्या. मेधा दारात उभी राहून व्हिडिओ काढत होती. औंधच्या घरात या माणसाने झाडूला हात लावल्याचा पुरावा कुणाकडेही नव्हता. आता तो दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. मेधाने खाली फक्त एवढंच लिहिलं, "व्हिसा लागतो." मग ती आत येऊन रुद्रच्या कपड्यांचा ढीग मशीनमध्ये घालायला लागली. भावजींच्या सहलीत बाटल्या होत्या, तिच्या सहलीत बहुतेक वेळ आमचं स्वयंपाकघर होतं, आणि भावजींनी युरोपचं जे काही जाणून घेतलं त्यात ही बाब आली नाही.

एका संध्याकाळी श्लॉसगार्टनमध्ये, म्हणजे इथल्या राजवाड्याच्या बागेत, फिरत होतो. भावजींच्या हातातली पिशवी भरत आली होती. समोरून एक म्हातारी बाई आली. कोट स्वच्छ, केस नीट विंचरलेले, हातमोजे घातलेले. कचऱ्याच्या डब्यापाशी थांबली, छोटी विजेरी लावून आत पाहिलं, हात घालून एक बाटली काढली आणि पिशवीत ठेवली. इथे हे नेहमीचं आहे. म्हणून पुष्कळ लोक बाटली डब्यात न टाकता खाली बाजूला ठेवतात, कुणाला हात घालावा लागू नये.

सईने विचारलं, "बाबा, या आजी पण 'स्वच्छ'च्या का?"

'स्वच्छ' ही पुण्यातल्या कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, 2008 पासूनची. औंधला भावजींच्या दारात रोज येणाऱ्या बाई त्यातल्याच. भावजींच्या घरी ओला आणि सुका कचरा एकाच बादलीत नांदतो, आणि त्या बाईंची महिन्याची फी वाढवायचा विषय निघाला तेव्हा सोसायटीच्या बैठकीत उभं राहून, "भंगार तिलाच मिळतं, वर पैसे कशाला?" असं विचारणारे भावजीच. हे मला मेधाने सांगितलं होतं, भाजी चिरताना, सहज.

भावजींनी सईला उत्तर दिलं नाही. रुद्रच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. रुद्रच्या बुटांना नाड्या नाहीत, वेल्क्रो आहे. उठले तेव्हा पिशवी डब्याच्या कडेला होती. बरंच अंतर चालून गेल्यावर मला म्हणाले, "इथे सगळ्यांना पेन्शन असते ना?"

"असते. सगळ्यांना पुरतेच असं नाही."

यावर त्यांनी "माहितीये" म्हटलं नाही, म्हणून मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. फार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाव कसा कापायचा ते शिकवलं.

खालच्या आजीबाई अखेर वर आल्याच. एका सकाळी सहा वाजून एका मिनिटाने बेल वाजली. मी दार उघडण्याआधी मनात माफीची जर्मन वाक्यं जुळवत होते. बाईंच्या काखेत गुंडाळलेला जुना गालिचा होता. ट्रकखाली घाला म्हणाल्या. त्यांच्या मुलाच्या खोलीतला होता, मुलगा कॅनडात असतो. हे आम्हाला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यानंतर रुद्र रोज जिना उतरून त्यांच्याकडे जायचा. तो मराठी बोलायचा, त्या श्वाबियन बोलायच्या, आणि दोघांचं काय ठरायचं देव जाणे, पण वर येताना त्याच्या खिशात बिस्किटं असायची. भावजी तर जिन्यात दिसेल त्या माणसाला "हॅलो" म्हणून हात पुढे करायचे. दुसऱ्या मजल्यावरचा जो गृहस्थ आम्हाला पाहून चाव्या शोधायला लागतो, त्याने भावजींना स्वतःच्या तळघरातल्या बाटल्या आणून दिल्या. आम्ही इथे राहतो ते कुणाच्या पायात येऊ नये अशा बेताने. भावजींना तो बेत कुणी सांगितलाच नव्हता. पाहुणे गेल्यावर आजीबाईंनी जिन्यात मला गाठून विचारलं, धाकटा परत कधी येणार? मुलगा कधी येणार, असं त्या कॅनडाला विचारतात की नाही, ते मी विचारलं नाही.

परवा भावजींचा फोन आला. "वहिनी, पाकिटात फांटची एक चिठ्ठी राहिली. पावणेचार युरोची. ही चालते किती दिवस?"

इथल्या कायद्याने असा हक्क तीन वर्षं टिकतो, तीही त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपासून मोजायची. आठ दिवसांत बाद होते, असं सांगणं सहज शक्य होतं. मी खरं ते सांगितलं.

"मग तीन वर्षं थांबायचं कशाला?" भावजी म्हणाले. "6 वर्षांखालच्या मुलाला व्हिसाची फी नाही. रुद्रचे 45 युरो वाचतात. पुढच्याच मेमध्ये येतो. सई, 45 युरो म्हणजे किती बाटल्या गं?"

"एकशे ऐंशी," पलीकडून सई म्हणाली.