वेलस्ली साहेबांना वऱ्हाडातून सप्रेम

प्रति,
मेजर जनरल आर्थर वेलस्ली साहेब (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन),
सध्या मुक्काम सेंट पॉल कॅथेड्रल, लंडन.

विषय : आपल्या सन १८०३ मधील वऱ्हाड सहलीबाबत.

महोदय,

दिवाळीची सुटी लागली की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत एकच खल सुरू होतो. महाबळेश्वर निघतं, गोवा निघतो, एखादा उत्साही जावई केरळही काढतो. मग घरातली कर्ती बाई खर्चाचा आकडा सांगते आणि चर्चा गुपचूप चिखलदऱ्यावर येऊन टेकते. "सकाळी निघू, संध्याकाळी घरी. काय पाहाले लागते तिथं?" असं म्हणत मंडळी गाडीत बसतात. अशा वेळी, साहेब, आम्हाला तुमची फार आठवण येते. कारण वऱ्हाड नीट ठरवून, नकाशा पाहून, दिवस मोजून फिरलेला पाहुणा आमच्या माहितीत तुमच्याइतका दुसरा नाही.

काय तो कार्यक्रम! आसईची लढाई २३ सप्टेंबरला उरकली. मग खाली उतरून अकोल्यात असदगडाजवळ तळ. २९ नोव्हेंबरला अडगाव. ५ डिसेंबरला एलिचपूर, म्हणजे आमचं अचलपूर. तिथं जखमींसाठी इस्पितळ थाटायला एक दिवस राखीव. १५ डिसेंबरला गाविलगड. १७ ला देवगावी भोसल्यांशी तह, ३० ला सुर्जी अंजनगावी शिंद्यांशी तह. अडगावपासून मोजलं तर महिनाभरात एवढं सगळं, तेही ऐन हिवाळ्यात, जेव्हा सातपुड्याची हवा खरोखर खाण्याजोगी असते. दिवाळी सोडली तर आम्ही जातो ते भर पावसाळ्यातल्या रविवारी. तेव्हा चिखलदऱ्याच्या प्रत्येक पॉईंटवर धुकं आणि धुक्यात दुसऱ्याच कुटुंबाची पाठ, एवढंच दिसतं.

तुमच्या कर्नल स्टीव्हन्सनचं तर विशेष कौतुक. तुम्ही गाविलगडाच्या दक्षिणेला राहिलात आणि त्यांना डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या लबाडा गावाकडे धाडलंत. तीसेक मैल दऱ्याखोऱ्यांतून तोफा माणसांनी हातांनी ओढल्या, आणि ज्या रस्त्यानं ओढल्या तो रस्ताही आधी त्यांनीच केला. ७ डिसेंबरला निघाले ते १२ ला पोचले. साहेब, ही हकीकत आम्ही इकडे मोठ्यानं वाचत नाही. त्याच डोंगरावर गोराघाट ते हरिकेन पॉईंट असा ४०७ मीटरचा काचेचा स्कायवॉक बांधायचं ठरलं आणि तो परवानग्यांच्या दरीवर वर्षानुवर्षं लोंबकळला. तुमच्या वेळी वनखातं नव्हतं, हे तुमचं नशीब. वाघांचंही नशीब नव्हतं, पण ते पुढे येईलच.

तर गाविलगड. अहमदशहा बहमनीनं १४२५ च्या सुमारास हा गड बांधला, पुढे इमादशाहीच्या फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कनं तो वाढवला, सजवला. या फतेहउल्लाचं मूळ विजयनगराकडचं, कानडी ब्राह्मण घराण्यातलं, असं सांगतात. म्हणूनच दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आला असं अभ्यासकांचं म्हणणं. आता तुम्ही परत याल तर तुम्हाला त्या गंडभेरुंडाशेजारी बरंच नवं साहित्य वाचायला मिळेल. अमुक लव्ह तमुक. मध्ये बाण, खाली तारीख, कधीकधी गावाचं नावही, म्हणजे पत्ता चुकायला नको. जुने शिलालेख फारशीत, ते कुणाला कळत नाहीत; हे मात्र देवनागरीत आहेत, म्हणून आम्ही त्यांना लोकाभिमुख समजतो.

तुमच्या तोफांनी १३ डिसेंबरला सकाळी मारा सुरू केला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला भगदाडं पडली, १५ ला हल्ला. बाहेरचा कोट हाती आला तरी आतला बालेकिल्ला दाद देईना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून चढला आणि त्यानं आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग राजपूत तिथंच पडला. शिबंदी कापली गेली. किती, ते आकडे मी इथं खेळीमेळीच्या पत्रात घालत नाही. पण एक विचारतो. बेनीसिंग नेमका कुठं पडला, हे तुमच्या कागदांत कुठं असेल तर कळवा. आमच्याकडे भीमानं कीचकाला मारून कुठल्या दरीत टाकलं, मग कुठल्या कुंडात हात धुतले, याच्या जागा पक्क्या आहेत. पाच वर्षांचं पोरही भीमकुंड दाखवतं. त्याच पोराच्या बापाला बेनीसिंग विचारा : "कोण, सर्कलवाले का?"

तुमच्या देशात मात्र गाविलगडाची याद आहे. बर्नार्ड कॉर्नवेल या कादंबरीकारानं 'शार्प्स फोर्ट्रेस' या नावाची अख्खी कादंबरी या गडावर रचली. म्हणजे डर्बीशायरमध्ये खुर्चीत बसलेल्या एखाद्या निवृत्त मास्तरला गाविलगडाचा तट पाठ असू शकतो, आणि परतवाड्याहून तासाभरात पोचणारे आम्ही गाडीतूनच विचारतो, "उतराचं का? का भुट्टे खाऊन पुढं निघाचं?"

अडगावचं सांगू? तेल्हारा तालुक्यात, अकोटहून जवळ. २९ नोव्हेंबरच्या दुपारी तुमच्या तीन पलटणी तोफांच्या पहिल्याच सरबत्तीत पळत सुटल्या होत्या, तुम्ही स्वतः घोड्यावरून जाऊन त्यांना वळवलंत. ही गोष्ट तुम्ही लंडनला फार सांगितली नसेल. काळजी नसावी, आम्हीही कुणाला सांगत नाही. त्या मैदानात आज कापूस आणि तूर आहे. कपाशी वेचणाऱ्या बाईला इथं लढाई झाली होती म्हटलं तर ती भाव विचारेल, आणि तिचं बरोबरच आहे, तिची लढाई चालूच आहे.

अंजनगावाबद्दल मात्र तुम्हाला जरा बोलायचंय. शिंद्यांकडून तिथं एवढं सगळं लिहून घेतलंत आणि त्या गावचं विड्याचं पान खाल्लंत का? पानपिंपळी पाहिलीत का? वर्षानुवर्षं मळे राखणारी माणसं आहेत ती. तुमच्या तहानंतर त्याच तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली डेबूजी जन्मला. पुढे हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला, आणि त्याला सारा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणू लागला. त्यांची समाधी अमरावतीत आहे. तिथं आम्ही रांगेनं दर्शन घेतो, खराट्यासह फोटो काढतो, आणि दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याच्या देवी पॉईंटच्या कठड्यावरून चिप्सची पाकिटं दरीत सोडतो. वाऱ्यानं ती वर येतात. तेवढा निसर्ग आमच्याशी अजून बोलतो.

देवगावच्या तहात तुम्ही एक गोष्ट केलीत, ती आजच्या प्रवाशांना शिकवण्यासारखी. गाविलगड आणि नरनाळा दोन्ही किल्ले भोसल्यांना ठेवू दिलेत. (बदल्यात कटक-बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नेलात, ते वेगळं. तुम्हीही शेवटी खरेदी करूनच घरी गेलात.) आजचा पाहुणा काही नेत नाही, उलट काचेच्या बाटल्या ठेवून जातो. १८५८ मध्ये तुमच्याच मागच्या मंडळींनी, तात्या टोपे तिथं आसरा घेईल या धास्तीनं, गाविलगड पाडायला घेतला. पुढचं काम पिंपळ आणि आम्ही मिळून करत आहोत.

मेळघाटाबद्दल थोडं. तुमच्या काळी तिथं कोरकू होते. आजही आहेत, आणि तुम्ही त्यांना जितकं ओळखत होतात तितकंच आम्ही ओळखतो, म्हणजे नाव तेवढं. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. तेव्हापासून सेमाडोह, कोलकास करून आलेल्या प्रत्येकाला घरी एकच प्रश्न विचारतात : "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की सहल वाया. सिपना नदी पाहिली, सागाच्या पानावर पडणारा पाऊस ऐकला, यावर कुणी चहा विचारत नाही. त्याच जंगलात रानपिंगळा नावाचं एक बुटकं घुबड राहतं. शंभराहून जास्त वर्षं ते संपलं असंच जग समजत होतं. १९९७ मध्ये शहाद्याकडे पुन्हा सापडलं, मग मेळघाटातही. एवढी चिकाटी दाखवणारा जीव फांदीवर बसलेला असतो, खालून जिप्सी जाते, आतले सगळे रस्त्यावरच्या वाघाच्या पायांचे फोटो काढत असतात.

शकुंतला रेल्वे तुम्हाला दाखवायची राहिली. यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर, अरुंद रूळ. तुमच्या मँचेस्टरचं १९२१ चं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं, पुन्हा माणूस उतरून फाटक उघडायचा. हिच्यातून प्रवास म्हणजे अर्धं वऱ्हाड बसल्या जागी पाहणं. आता बंद आहे. रूळ गवतात आहेत.

बाळापूरच्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीबद्दल, बार्शीटाकळीच्या हेमाडपंती देवळाबद्दल, पातूरच्या लेण्यांबद्दल लिहायचं होतं. पण साहेब, ही तिन्ही ठिकाणं अकोल्याहून एका दिवसात होतात, म्हणून आजवर कुणीच केलेली नाहीत. एवढं जवळ असलं की "जाऊ कधीतरी" म्हणतात, आणि त्या 'कधीतरी'त नातवंडं पुण्याला शिकायला जातात.

कळावे, लोभ आहेच. तुमचा आमच्या मुलखावर होता तितका नसला तरी.

आपला,
एक वऱ्हाडी करदाता

ता.क. : एवढं सगळं फिरलात, आणि नरनाळा केलाच नाहीत! अकोटहून पुढे शहानूर, तिथून वर. १४८७ चा महाकाली दरवाजा पाहाल तर गाविलगडाचा तट फोडल्याचा थोडा पस्तावा व्हावा असं त्याचं नक्षीकाम आहे. या वेळी या, पण शहानूरच्या फाटकावर वनखात्याची पावती फाडावी लागते आणि तोफा आत नेता येत नाहीत. वर नवगजी तोफ आहेच. तिच्यावर बसून फोटो काढायचा असेल तर लवकर पोचा, रांग असते.